कोरीव खांब आणि ओंजळभर पाणी

जुनी पेठ पाडायची की राखायची यावर हल्ली फार चर्चा झडतात. अशाच एका सभेत जाऊन बसलो. पडद्यावर फोटो येत होते. कोरीव खांब, तुळया, चौक, देवळ्या. बोलणारे विद्वान हळहळत होते, वाडासंस्कृती चालली हो! शेजारी बसलेला दोस्त कानात पुटपुटला, "ह्या चौकात आपला आजा कधी गेलाच न्हाई, मंग म्या कशापायी रडू?"

खरंय. पण माझं तेवढ्यावर भागत नाही. पेठ उकरली की त्यांच्या वाड्याबरोबर आपली वाटही उकरली जाते.

महाडचंच घ्या. छोटं शहर. चवदार तळं रानात नाही, ऐन वस्तीत आहे. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, तळ्याभोवती नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे स्पृश्यांची घरं. तळं १९२४ सालीच ठरावानं खुलं झालं होतं. कागदावर! मार्च १९२७ च्या परिषदेला प्यायचं पाणी मात्र चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. २० मार्चला माणसं मंडपातून उठली, भर रस्त्यानं रांगेत चालत गेली आणि पाणी प्याली. नंतर मार खाल्ला. मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. मग दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी तळ्यात बुडवून पाणी 'शुद्ध' केलं गेलं, आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात परिषदेला कुणी हिंदू जागा देईना. फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तळ्याचा दावा हायकोर्टात निकाली निघाला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं!

आता यातलं जपायचं काय? केंद्राचा १९५८ चा कायदा वास्तू मागतो, लेणं मागतो, शिलालेख मागतो, थडगं मागतो, तेही शंभर वर्षांचं. जवळचा रायगड त्यात बसतो. बसावाच. पण मंडपापासून पाण्यापर्यंतची चाल कुठल्या रकान्यात भरायची? २०२७ साली तिलाही शंभर वर्षं पुरी होतात.

जुनी पेठ आहे तशी ठेवा, असं मी म्हणणार नाही. जुन्या पेठांत आपल्या पोरांच्या नावानं गाळे किती, मोजा एकदा. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. गटारं हवीत, रुंद रस्ते हवेत, दवाखाने हवेत. गावकुसाबाहेर राहिलेल्याला जुन्याचं कौतुक परवडत नाही.

मला भीती सुशोभीकरणाची वाटते. आमच्या तालुक्याच्या गावी तळं सुशोभित झालं. कठडा, फरशी, रंगीत दिवे. आईला दाखवायला नेलं. ती कठड्याला धरून उभी राहिली, म्हणाली, "झ्याक केलंय रं. पर पान्याला हात कुठनं लावायचा?"

शहराच्या कुठल्याही आराखड्याला आधी आईचा हा सवाल विचारा. पायरी पाण्यापर्यंत उघडी आहे का? पाणी पिण्याजोगं आहे का? मोर्चा गेला तो रस्ता नकाशावर आखलाय का? बाजूला पाच मजले चढवा, पण वाट बुजता कामा नये. १९२४ चा ठराव आणि तो रद्द करणारा ठराव, दोन्ही शेजारी शेजारी दगडात कोरून लावा. फत्तेखानांचं नाव लावा. २० मार्चला पुस्तकं मांडून बसणाऱ्यांची जागा पार्किंगखाली घालू नका.

दोस्तांनो, विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागवतात. बिल्डरच्या हरकती वेळेवर पोचतात. आपण मुदत संपल्यावर मोर्चा काढतो. मोर्चा काढाच, पण आधी नकाशा मागा, सर्व्हे नंबर उतरवून घ्या, हरकत दोन प्रतींत लिहा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.