इंडेक्स टूवरचं दुसरं नाव

आसनगावातल्या त्या वन बीएचकेत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, रेशनकार्डाच्या पिशवीखाली, एक प्लास्टिकची फाईल आहे. तिच्यात घराच्या कराराची झेरॉक्स. मूळ करार 2019 पासून बँकेत. पगारातला पहिला घास दर महिन्याला हीच फाईल खाते.

घराच्या मालकिणीला 'मालकीण' फक्त शेजारी म्हणत. कागदावर नाव एकट्या नवऱ्याचं. तेव्हा पक्की नोकरी त्याची, तिची कंत्राटी. एजंट म्हणाला होता, "वहिनींचं नाव कशाला, सह्या वाढतात." मुरबाडकडच्या तिच्या माहेरी घरपट्टीची पावती आधी आजोबांच्या नावानं येई, मग वडिलांच्या, आता भावाच्या. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. यांचा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र गुपचूप लांबली. पाच वर्षं फेडूनही 20 लाख आणि 18 वर्षं शिल्लक, दर साडेनऊ टक्के! तोवर पारडं फिरलं होतं. ती नोकरीत कायम झाली, त्याचा कारखाना आठवड्यातले तीनच दिवस चालू लागला.

सकाळच्या कसारा लोकलच्या लेडीज डब्यात कुणीतरी सांगितलं, बाईच्या नावावर व्याज कमी लागतं. मग काय, कर्ज हिच्या नावावर करून टाकायचं ठरलं.

दुसऱ्या बँकेतल्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "ताई, कर्ज म्हणजे गॅसचं कनेक्शन नव्हे, नाव बदलून द्यायला. घरात तुमचा हिस्सा कुठाय?" खरंच आहे. कर्ज नवऱ्याकडून बायकोकडे सरकत नाही. नवी बँक जुनं कर्ज फेडते आणि नवं देते, आणि तारण घरावर नाव नसलेल्याला ते एकट्याला देत नाही. म्हणजे आधी बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये. इतर आकार वेगळे, आणि घर गहाण असल्यानं जुन्या बँकेची एनओसी. प्राप्तिकराची आणखी एक गाठ: बायकोला फुकट दिलेल्या हिश्श्याचा मालक करासाठी नवराच धरला जातो. अर्धं घर दिलं म्हणजे नवऱ्याची व्याजावरची अर्धी वजावटही गेली, असं आपोआप होत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं मोबाईलवर हिशेब मांडला. स्टेट बँकेसारख्या बँका बायकांना देत आल्या ती सवलत 0.05 टक्क्यांची. साडेआठवर ती मिळाली तर 20 लाखांच्या हप्त्यात महिन्याला 61 रुपये वाचतात. साडेनऊचं कर्ज साडेआठवर नेल्यानं मात्र 1,250 च्या आसपास. त्यासाठी बाई असावं लागत नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2012 पासून आहे.

"61 रुपयांसाठी एवढा खटाटोप?" तो म्हणाला.

"61 साठी नाही," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.

आसनगावाहून कसारा घाट चढून महामार्गानं नाशिकच्या पुढे गेलं की चांदवड लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर 1986 मध्ये तिथं महिला अधिवेशन भरवलं. पुढच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यावा, असं आवाहन झालं. कोरडवाहू सातबाऱ्यावर जे मागितलं गेलं, ते फ्लॅटच्या करारावर मागायला या घरात व्याजदराचं निमित्त लागलं.

शेवटी शहापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्रासाठी दोघांचे अंगठे यंत्रावर टेकले. कर्जही दोघांच्या नावानं, हप्ता तिच्या खात्यातून. मूळ कागद आता नव्या बँकेत. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत ते परत करायचे, नाहीतर बँकेनं दिवसाला 5,000 रुपये भरायचे, असा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. तिनं तो फाईलच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवलाय.

कमी व्याजाची चौकशी करायला निघाल तेव्हा आधी तुमच्या घराची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, बाहेर काढा, आणि तिच्यावर किती नावं आहेत ते बघा.