मोकळ्या हाताची विद्या

थॅलेसेमिया या आनुवंशिक विकाराने ग्रस्त झालेल्या बहुतेक बालकांना दर तीन-चार आठवड्यांनी इस्पितळात येऊन रक्त चढवून घ्यावे लागते, आणि ज्या वयात इतर मुले सुटीचे दिवस मोजतात त्या वयात यांना सुईची तारीख पाठ असते. मुंबईतील एका सार्वजनिक इस्पितळाच्या बालविभागात अशा मुलांना जादूचे प्रयोग दाखविण्याची लेखी परवानगी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला मिळाली. आणि जादूगार रघुवीर यांचे प्रयोग पाहून बालपणी जडलेला हा छंद रंगमंचावरून खाटेपाशी नेताना त्यातले किती गाळावे लागते, हे तेथे उमगले.

दोरी कापून सांधण्याचा प्रयोग गाळला, कारण त्या दालनात कात्री ही निरुपद्रवी वस्तू राहत नाही. फुटण्याच्या आवाजामुळे फुगे गेले. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेली मुले शेजारीच असल्याने कानामागून गोळी काढणे सर्वस्वी वर्ज्य ठरले. स्पंजचे चेंडू मात्र राहिले. परंतु स्पंज निर्जंतुक करणे अवघड, म्हणून ज्या मुठीतून एकाचे दोन होऊन ते निघत, त्याच मुलाच्या मालकीचे ते होत.

आणखी एक नियम मी स्वतःवर घालून घेतला. मुलाला विचारल्यावाचून खेळ सुरू करावयाचा नाही आणि ते ‘नको’ म्हणाले तर तत्काळ पुढे जावयाचे. इस्पितळात मुलाच्या ‘नको’ला किंमत नसते, ती देऊन चालतही नाही, कारण रक्त तर चढवावेच लागते. निदान माझ्यापुरता तरी तो शब्द अखेरचा हुकूम ठरावा, अशी माझी मनोमन इच्छा होती. किती तरी मुले पहिल्या खेपेस ‘नको’ म्हणत आणि मी खरोखरच निघून जातो हे पाहिल्यावर दुसऱ्या खेपेस आपण होऊन हाक मारीत.

त्यांतच नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिची शीर सहजी सापडत नसे; मावशी हात धरीत, आई डोके छातीशी घेई, आणि इतके सगळे होत असताना तिने स्वतः करावे असे काहीच उरत नसे. तिला मी वेणीचे बारीक रबर मागितले, ते तिच्याच उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत घातले, अंगठ्याने तळहाताकडे ताणून चारही बोटांची टोके त्यात दुमडावयास लावली आणि मूठ उघडावयास सांगितले. रबर उडी मारून शेवटच्या दोन बोटांत गेले. यास एकच हात पुरतो, आणि नेमका एकच हात तिच्यापाशी मोकळा असे. पुढच्या खेपेस सिस्टरांनी आठवणीने डावा हात निवडला. डॉक्टरसाहेब शीर शोधीत असताना ती उजव्या हाताने त्यांना खेळ दाखवीत होती आणि, “नीट बघा हं, डोळे मिटायचे नाहीत,” असे बजावीत होती. सुई लागताच ती कळवळली, पण मूठ तिने वेळेवर उघडली.

जादूचे गुपित फोडावयाचे नाही, हा आमच्या विद्येतील पहिला दंडक, आणि माझ्या काही जादूगार स्नेह्यांना माझे हे वर्तन रुचले नाही. अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफील्ड यांनी १९८२ साली सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट मॅजिक’ या उपक्रमात हातापायांचे बळ गमावलेल्या रुग्णांना हातचलाखी शिकविली जाते, याचा दाखला मी त्यांना दिला. तेथे हेतू मुख्यतः अवयवांच्या व्यायामाचा आहे. माझा थोडा निराळा. माझा प्रयोग पाहून मूल घटकाभर भय विसरते, हे खरे, तथापि पाहणारे मूल हे अखेर पाहणारेच असते. ज्या दालनात मोठ्यांना सर्व ठाऊक असते आणि त्याला काहीच नसते, तेथे डॉक्टरांनाही उलगडत नाही अशी एक गोष्ट त्याच्या हाती असावी, यासाठी मी कोणतेही गुपित देऊन टाकीन.

रक्त चढावयास तीन-चार तास लागतात, शिकवणीस तेवढे पुरतात. अलीकडे शेजारच्या खाटेवर नव्याने आलेल्या एका मुलाला ती मुलगी दोन रंगांची रबरे एकाच मुठीत एकमेकांच्या जागी नेण्याचा खेळ शिकवीत होती. तो मी तिला शिकविला नव्हता. आणि कसा साधला हे मी विचारले, तेव्हा तिने मला सांगावयाचे साफ नाकारले.