एकशे ऐंशीच्या पुढे

फुजी स्पीडवेचा मुख्य सरळ पट्टा जवळजवळ दीड किलोमीटर लांब आहे. जपानी बाजारासाठी बनलेली दमदार गाडी इथं आणली की ताशी 180 किलोमीटरचा लिमिटर हमखास आडवा येतो. काटा तिथं पोचतो, इंजिनचा कॉम्प्युटर इंधन तोडतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असूनही गाडीची ओढ संपते. आज दिवसभर हेच मनात घोळतंय.

रस्त्यावर ही मर्यादा मला मान्यच आहे. ट्रॅकवर मात्र तिचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. आपला वेग एकाएकी का अडला, हे मागच्याला कळत नाही. ब्रेकचा दिवा लागलेलाच नसतो. म्हणून 180 च्या जरा आधीच पाय सैल करावा, आरशात पाहावं, वेगवान गाडीला वाट द्यावी.

लिमिटर काढता येतो, पण पुढचा हिशेब कठोर आहे. 180 वरून 220 वर गेलं की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास दीडपट होते. टायरवर एस अक्षर असेल तर तो 180 पर्यंतचाच; एच 210 आणि व्ही 240 पर्यंत.

2007 च्या निसान जीटी-आरचा तोडगा मला फार आवडतो. जपानमधल्या ठरावीक सर्किटवर गाडी आहे हे जीपीएसवरून कळलं, तरच लिमिटर उठवता येतो. जागा पाहून मोकळीक मिळावी, हे मला मनापासून पटतं. आधी टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, वेग त्यानंतर.