दुरडीतली खालची भाकरी

भाकरी थापायला आणि भाजायला घरातल्या दोन-तीन बायका मिळून शिकवतात. पाणी किती गरम हवं, पीठ किती मळायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं, सगळं हाताला धरून सांगतात. भाजून झालेली भाकरी ठेवायची कशी, हे मात्र कोणी वेगळं सांगत नाही. ते ज्या त्या घरात बघून बघून अंगात येतं. म्हणून भाकरीची चव एखाद्या वेळी दोन घरांत सारखी लागेल, पण भाकरी ठेवायची रीत सारखी सापडणार नाही. मी ती तीन ठिकाणी शिकले. माहेरी, सासरी आणि दिंडीत.

माहेर मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, रब्बीची मालदांडी ज्वारी. दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं उपाशी लोकांना मोकळी करून दिली ती हीच भूमी, त्यामुळे धान्य साठवणं आणि धान्य वाटणं या दोन्ही गोष्टी आमच्या कानावर एकदमच पडल्या. आजोबांच्या काळी ज्वारी पेवात असायची. जमिनीखालचं पेव नीट लिंपून बंद केलं की ज्वारी वर्षानुवर्षं राहते. तीच ज्वारी दळून आणली की पिठाला आठ-पंधरा दिवसांचं आयुष्य, पुढे विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. आणि त्या पिठाची भाकरी झाली की आयुष्य एका दिवसावर येतं. दाण्यापासून घासाकडे जावं तसा टिकाऊपणा कमी कमी होत जातो, हे मला लहानपणी मोठं नवल वाटायचं.

आई भाकरी तव्यावरून काढली की लगेच दुरडीत टाकत नसे. चुलीच्या कडेला ती उभी टेकवून ठेवायची. पुढची भाजून होईपर्यंत मागचीची वाफ निघून जायची. मग बांबूच्या दुरडीत धुतलेलं सुती फडकं, त्यात भाकरी, वरून फडक्याची टोकं दुमडलेली. बांबूला भोकं असतात, फडकं दमटपणा ओढून घेतं. भाकरी ना ओली होत ना वाळत. आत वाफ कोंडली की भाकरीला घाम फुटतो, तळाची भाकरी चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. उलट उघडी ठेवली की तासाभरात कडा कडक होतात. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे आईची दुरडी.

आणि टिकवायचीच असेल तर आमच्या सोलापूर भागात दुसरी वाट आहे. भाकरी मऊ ठेवायचा नादच सोडायचा. कागदासारखी पातळ थापायची, निखाऱ्यावर खरपूस शेकायची, मग वाळू द्यायची. ही कडक भाकरी कोरडी ठेवली तर महिना दोन महिने हूं की चूं करत नाही. चुरून आमटीत किंवा दह्यात घालायची. पाणी गेलं की बुरशीला वाढता येत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

सासर माणदेशातलं. तिथे बाजरी. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते फार दिवस राहिलं की कडू होतं, म्हणून दळण थोडं थोडं. भाकरी जाड, मोठी, आणि एका वेळी दहा-बारा. माणसं पहाटे रानात जायची, न्याहारीला रात्रीचीच भाकरी असायची. म्हणून रात्री मुद्दाम जास्त भाजायच्या. टोपलं शिंक्यावर चढवलेलं, मांजर आणि मुंग्या दोघांपासून लांब. सकाळी शिळी भाकरी, कांदा, तेल-चटणी नाहीतर ताक. शिळ्या बाजरीची ताकातली चव ज्याने घेतली त्याला ताजीचं एवढं कौतुक उरत नाही, हे मी खरं सांगते.

पण त्या टोपल्याला एक अलिखित नियम होता. शिळी खाली, ताजी वर. पुरुषांची, मुलांची पानं आधी, ती वरून वाढायची. मग बायका बसायच्या, तोवर टोपल्याचा तळ आलेला असायचा. सकाळच्या न्याहारीचं सोडा, ती सगळ्यांचीच शिळी. मी सांगते ती दुपारची आणि रात्रीची पंगत. कालची उरलेली दीड भाकरी आज दुपारी खाली, दुपारची उरली की रात्री खाली. रोज ताजी भाजणारी बाई रोज शिळी खायची. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चाळीस वर्षं हेच केलं आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट अभिमान होता. "माझ्या घरात अन्नाचा कण वाया जात न्हाई," असं त्या चारचौघींत सांगायच्या. ते खरंही होतं. वाया जात नव्हता, कारण तो त्यांच्या पोटात जात होता.

माझ्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. मामंजी माळकरी, दरवर्षी पायी वारी. त्या वर्षी वारीहून परतल्यावर चार-आठ दिवसांनी ते जेवायला बसले आणि आत्याबाई वरची भाकरी काढू लागल्या तसे म्हणाले, "खालची काढ आधी." आत्याबाईंना ऐकू आलं नसावं असं वाटून मी गप्प राहिले. ते पुन्हा म्हणाले, "कालची काढ. आन् चार तुकडे कर. घरात असतील तेवढ्यांना तुकडा तुकडा येऊ दे, मग ताजी वाढ."

आत्याबाई खूप रागावल्या. नवऱ्याच्या ताटात शिळं वाढलं हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? आठवडाभर त्या शिळी भाकरी फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवायच्या आणि मागून एकट्या खायच्या. मामंजींनी तीही शोधून काढली. ते फार बोलणारे नव्हते, प्रवचन वगैरे त्यांनी कधी केलं नाही. एकदाच म्हणाले, "दिंडीत आमी बी शिळी खातो की. तितं कुनाला कमीपना येत न्हाई, मग हितंच का?"

ते असं का म्हणाले ते मला पुढे कळलं, मी स्वतः वारीला जायला लागल्यावर.

दिंडीचं भाकरीचं गणित घरासारखं नसतं. धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरलं की वाटेवरच्या गावांतून घरोघरच्या भाकरी टोपल्यांनी येतात. कोणाच्या जाड, कोणाच्या पातळ, ज्वारीच्या, बाजरीच्या, एखाद्या घरच्या चपात्या. सगळ्या गरम, आणि वर ज्येष्ठ-आषाढाची दमट हवा. आमच्या दिंडीत जुनी माणसं या भाकरी आल्या की स्वच्छ धोतरावर पसरून ठेवायला लावतात. थप्पी मारायची नाही. वाफ जिरली की मगच टोपल्यात. एका वर्षी शेजारच्या एका दिंडीत गरम भाकरी प्लॅस्टिकच्या गोणीत भरून ट्रकमध्ये ठेवल्या होत्या. संध्याकाळी गोणी उघडली तर वास. इतक्या घरच्या बायांनी उन्हापावसात चुलीपुढे बसून भाजलेल्या भाकरी ओढ्याकाठी खड्ड्यात गेल्या.

तंबूत शिदोऱ्या सुटतात तेव्हा सगळा महाराष्ट्र समोर मांडलेला असतो. खानदेशातली माउली कळण्याची भाकरी काढते. ज्वारीत उडीद दळलेला असल्याने ती जास्त वेळ मऊ राहते. आमच्याकडची बाई धपाटे काढते. कोणी दशमी. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून दोन दिवस लुसलुशीत राहते आणि प्रवासाला ती फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे. रायगडकडच्या एका आजींची तांदळाची भाकरी गार झाली की चामट व्हायची, म्हणून त्या ती ओलसर फडक्यात बांधायच्या आणि दुपारच्या आत संपवायच्या. "आमची भाकर वाट बघत न्हाय," असं म्हणायच्या. ज्येष्ठातल्या एकादशीला दिवे घाट चढायचा असतो आणि त्या दिवशी उपास, त्यामुळे दशमीला रात्री पुण्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या तपासल्या जातात. काय उद्या टिकणार, काय आजच संपवायचं. तेव्हा उरलेली भाकरी मोडून एका परातीत येते, तिच्यावर कोणाची चटणी, कोणाचं दही, आणि मूठ मूठ सगळ्यांच्या हातावर. विणेकऱ्याच्या हातावरही तीच आणि सामान उतरवणाऱ्या पोराच्या हातावरही तीच. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो त्याचं आपण केवढं महत्त्व मानतो. हा परातीतला काला मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

मामंजींनी घरी आणला तो हा.

आता माझ्या मुलाचं घर पुण्यात आहे. तिथे दुरडी नाही, गरम ठेवायचा डबा आहे. सुरुवातीला त्यात तळाची पोळी ओली व्हायची. सून हुशार. तिने तळाशी जाळी आणि वर सुती रुमाल घातला, आणि पोळ्या आधी दोन मिनिटं ताटावर मोकळ्या टाकायची सवय लावून घेतली. म्हणजे माझ्या आईचीच दुरडी, नुसती स्टीलची. तिच्या मैत्रिणी पोळ्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या झाल्या म्हणून कुरकुरतात. फ्रिजच्या थंडीत बुरशी लवकर धरत नाही हे बरोबर, पण पिठातला स्टार्च त्याच थंडीत सर्वांत लवकर घट्ट होतो, म्हणून पोळी बाहेरच्यापेक्षा आधी कडक होते. ठेवायचीच तर हवा न लागेल अशी बांधून बर्फाच्या कप्प्यात, नाहीतर बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी संपवायची. पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकण घालून गरम केली की पुष्कळ मऊ होते. अगदीच कडक झाली तर ताकात शिजवून कुटके करावेत, फोडणीला लसूण सढळ हाताने. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तेवढाच भाग काढून खाऊ नये. तो आत कुठवर गेला ते डोळ्यांना दिसत नाही.

शहरात टोपल्याचा तळ नाहीसा झालाय असं मला आधी वाटलं होतं. तसं नाही. तो घराबाहेर गेलाय. कालच्या पोळ्या कामाला येणाऱ्या बाईंना पिशवीत घालून देतात, त्यांना विचारतही नाहीत. परवाच्या असतील तर गाईला. आपल्याला तर गाईला घास घातला की पुण्य केल्यासारखं वाटतं. पण गुरांचे डॉक्टर सांगून दमले की पोळ्या-भाकरीचा ढीग एकदम गाईच्या पोटात गेला की आतलं आंबट वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतंसुद्धा. एक घास वेगळा आणि अख्ख्या सोसायटीचं उरलंसुरलं वेगळं. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो, आणि घरी येऊन वाळकी पोळी गॅलरीतून खाली टाकतो. मला या गोष्टीचा राग येतो, आणि वयाने तो कमी झालेला नाही.

सुनेने एक केलं. तिच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी दहाला येतात. त्या वेळी घरात जी पोळी असेल ती दोघी बसून खातात. शिळी असली तर फोडणीची करून दोघींना, ताजी असली तर ताजी दोघींना. नातवाने विचारलं, "आजी, आई शिळं का खाते?" मी म्हटलं, "तूही खा, बस." बसला. त्याला फोडणीची पोळी इतकी आवडली की आता ताजीच मोडून फोडणीला घाल म्हणतो. याला काय म्हणावं!

आत्याबाई जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांचे दात गेले होते. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. मी ताजी कुस्करायला घेतली की त्या हात धरायच्या. "खालची न्हाई का?" आता घरात शिळी उरतच नव्हती, सगळ्यांत वाटून संपायची. तसं सांगितलं की त्या जरा वेळ टोपल्याकडे बघत बसायच्या आणि मग ताजी खायच्या.

यंदाही कडक भाकऱ्या करून झाल्यात. चाळीस केल्या. पहिल्या घाण्यातल्या दोन-तीन थोड्या जाड राहिल्या, त्या नीट वाळल्या नाहीत. सुनेच्या हातात दिल्या, म्हटलं या आज आमटीत चुरून घेऊ. बाकीच्या सुती पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डबा सामानाच्या ट्रकमध्ये वरच्या बाजूला, पाऊस लागणार नाही असा.