कवडशाचे मोजमाप

हवेतील धूळ मोजणारे यंत्र घरी जुळविण्यास जो कोणी बसतो, त्याने आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे, ती ही की हे यंत्र धूळ मोजीत नाही. ते प्रकाश मोजते, आणि त्यावरून धुळीचा अदमास बांधते. जुन्या वाड्याच्या माजघरात कौलांच्या फटीतून कवडसा उतरला म्हणजे एरव्ही अदृश्य असणारे रजःकण जसे त्यात तरंगताना दिसू लागतात, तसेच प्लँटॉवर पीएमएस ५००३ ह्या तळहातावर मावणाऱ्या संवेदकात एक चिमुकला पंखा हवा आत ओढतो, लेझरचा किरण तिच्यातून जातो, आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपून कणांची संख्या व आकार ठरविले जातात. गुस्टाफ मी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली सिद्ध केलेले प्रकाश-विकिरणाचे गणित ह्या विद्येच्या मुळाशी आहे. परंतु संख्येवरून वजन काढावयाचे तर कणांची घनता गृहीत धरावी लागते, आणि ते गृहीत कारखान्यातूनच आलेले असते. शेकोटीचा धूर, उदबत्तीचा धूर आणि रस्त्यावरची माती ह्या तिघांचाही इन्साफ एकाच कायद्याने होतो.

साहित्य जमविणे मुळीच कठीण नाही. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत तारा, कपॅसिटर, डबी सारे मिळते, आणि जुळणीही थोड्या वेळात उरकते. त्यानंतर जो तपास सुरू होतो, तोच ह्या छंदाचा गाभा होय, असे माझे प्रामाणिक मत आहे.

संवेदक आपली जबानी ३२ बाइटांच्या ओळींत देतो: आरंभी दोन बाइटांची ठराविक खूण, मध्ये आकडे, आणि अखेरच्या दोन बाइटांत साऱ्या ओळीचा ताळा. ताळा जमत नसेल ती ओळ निःशंकपणे टाकून द्यावी. मात्र ताळा चुकलेल्या ओळी वारंवार येऊ लागल्या, किंवा आकडा तासन्‌तास एकाच जागी थबकला, तर दोष हवेत किंवा प्रोग्रॅममध्ये शोधण्यापूर्वी विजेच्या पुरवठ्याची झडती घ्यावी, कारण पंख्याला लागतात ५ व्होल्ट, संदेशाच्या तारांवर असतात ३.३ व्होल्ट, आणि संवेदकाचे आकडे वाचणारी शेजारची ईएसपी ८२६६ ही नियंत्रक-पट्टी वायफायवरून नोंद धाडताना क्षणभर इतका प्रवाह ओढते की लांब व बारीक केबलीच्या टोकाशी दाब घसरतो. मल्टिमीटर लावावा तर तो स्वस्थपणे ५ दाखवितो. त्याला सरासरी कळते, निमिषमात्राची घसरण कळत नाही. केबल आखूड व जाड घ्यावी, संवेदकाच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा, आणि मग पाहावे. हा उपाय मला बहुतेक वेळा पुरला आहे.

डबीच्या रचनेत हवा आत येण्याचे व बाहेर जाण्याचे तोंड एकमेकांपासून पडदा घालून वेगळे ठेवले पाहिजे, नाहीतर यंत्र तीच तीच हवा पुनःपुन्हा मोजीत बसते.

खरा बिकट प्रश्न आर्द्रतेचा. श्रावणात पावसाने धुतलेल्या, स्वच्छ म्हणून नावाजलेल्या हवेतही यंत्र पुष्कळदा चढे आकडे देते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ठरविलेली दिवसाची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली गेल्याचा भास होतो. कारण हे की क्षारयुक्त सूक्ष्म कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात, आणि ते पाणी धुळीच्या खाती जमा होते. सरकारी केंद्रांवरील बीटा किरणांच्या यंत्रात हवा गाळणपट्टीवर घेण्यापूर्वी तापवून कोरडी करण्याची तजवीज असते. आपल्या डबीत ती नसते. म्हणून जवळ आर्द्रतामापक ठेवून दुरुस्ती करावी लागते, आणि तेथेच एक बारीक फसगत दडलेली आहे: बीएमई २८० हा मापक ईएसपी पट्टीला लागून बसविला तर तिच्या उष्णतेने तो तापमान जास्त व आर्द्रता कमी सांगतो, आणि दुरुस्तीचे सारे गणितच उताराला लागते. त्याला डबीच्या खालच्या बाजूस, वारा लागेल पण पाऊस लागणार नाही, अशा जागी टांगावे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ह्याच जातीच्या संवेदकांसाठी एक सूत्र दिले आहे: मूळ आकड्यास ०.५२४ ने गुणावे, सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांस ०.०८६२ ने गुणून ते वजा करावे, आणि ५.७५ मिळवावेत. सूत्र परिश्रमपूर्वक काढलेले आहे, परंतु ते तिकडच्या हवेशी ताडून काढलेले आहे. आपल्या वैशाखातील धुळीचे जाड कण तर हा चिमुकला पंखा धडपणे आत ओढूही शकत नाही, आणि १० मायक्रॉनच्या रकान्यातील आकडा मी तरी पुराव्यादाखल कधी धरीत नाही.

आकडा खरा की खोटा हे ओळखण्यास माझा भरवसा दोन गोष्टींवर आहे. पहिली, एका जागी एकाच जातीचे दोन संवेदक. दोघांची साक्ष जुळली तर हवा बदलली, एकटाच उसळला तर त्याच्या पंख्यात कोळी किंवा जाळे पाहावे. दुसरी, आलेखाचा आकार. स्वयंपाकघरात फोडणी पडली की रेघ झपाट्याने चढते आणि खिडकी उघडी असली तरी रेंगाळत उतरते. एका नोंदीपुरता उडून लगेच पूर्वपदावर येणारा आकडा धुराचा नसतो. डिसेंबरातील पहाटे, थंड हवेचा थर जमिनीलगत कोंडलेला असताना आणि सोसायट्यांच्या फाटकांशी शेकोट्या पेटलेल्या असताना जी रेघ उमटते, तिची चढण इतकी संथ व दोन्ही संवेदकांत इतकी सारखी असते की तिच्याबद्दल शंका उरत नाही, आणि त्या वेळी शाळेच्या रिक्षांची वाट पाहत रस्त्यावर उभी असलेली मुले पाहून जीव कासावीस होतो.

माझ्या नोंदवहीत दुरुस्त आकड्याच्या शेजारी मूळ आकडा, तापमान, आर्द्रता आणि संवेदक बदलल्याची तारीख असे रकाने आहेत, आणि मूळ आकडा मी कधीही पुसत नाही. लेझर काही वर्षांत मंदावतो, संवेदक बदलावा लागतो. आणि पुण्याच्या हवेसाठी अधिक योग्य सूत्र उद्या कोणी काढले, तर त्याला ह्या जुन्या नोंदींवरून सारा हिशेब पुन्हा मांडता यावा.