तो हात अजून दिसतो

परवा रात्री टीव्हीवर गुन्हेगारीची मालिका चालू होती. पडद्यावर तुटलेला हात दिसला आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. १९७९ सालचे आमचे खळे आठवले. मी आठ वर्षांचा. गव्हाची पेंढी घालताना काकांचा हात मळणीयंत्रात गेला. पट्टा पाडायचे कुणाला सुचेना. पुढे घरात त्याविषयी कुणी बोलले नाही. गावोगाव यंत्रांची माहिती देताना मीही काकांचे नाव काढले नाही. परवा प्रथमच पत्नीजवळ बोललो, मन हलके झाले. तुमच्याही मनात असे काही असेल, तर जवळच्या माणसाला सांगा. आणि मळणीयंत्राचे पेंढी घालायचे तोंड मोजा: लांबी किमान ९० सेंटिमीटर, त्यात ४५ सेंटिमीटर झाकलेले हवे. पोरांना खळ्यापासून लांबच ठेवा.