मासा विकण्याआधी पाण्याचं सांगा

गोल्डफिशला किती पाणी लागतं? इतका साधा प्रश्न होता माझा. एका विक्रेत्याने सांगितलं, बाऊल पुरे. त्याच्याच शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, निदान दोन फुटी टाकी घ्या. तिसऱ्याने वेगळंच सांगितलं: मासा टाकीच्या मापानेच वाढतो, छोटी टाकी घेतली तर छोटाच राहील. तिघंही एकाच दुकानात कामाला होते. कोणाचं खरं मानावं हे मला कळेना, आणि मासे पाळण्याच्या छंदाला माझी सुरुवात झाली ती अशी.

मी खारघरमधल्या ओव्यात राहते. एका बाजूला सिडकोच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला जुनं आगरी गाव. लहानपणी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेले होते, 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. काचेमागे संथ फिरणारे मासे तेव्हापासून मनात होते. आता घर स्वतःचं झालं, हॉलमध्ये भिंत मोकळी होती, थोडा वेळही हाताशी होता. म्हणून पाळीव प्राण्यांच्या एका मोठ्या साखळी दुकानात गेले. अनेक शहरांत शाखा आहेत, स्वच्छ आहे, बिल मिळतं. चार गोष्टी नीट समजावून सांगतील, अशी अपेक्षा होती.

कुत्र्यांच्या विभागात ती पुरी होत होती. एका गृहस्थांना तिथला मुलगा विचारत होता, लॅब्रॅडॉर किती महिन्यांचा, लसी झाल्या का, पोट बिघडतं का. मग त्याने पाकिटावरचा तक्ता दाखवून वजनाप्रमाणे खाणं मोजून सांगितलं. माशांच्या रांगेशी मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. टाकी आहे का, पाणी कुठलं, आधी मासे पाळलेत का, काहीच नाही. "कोणता देऊ?" एवढंच.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. खालच्या रांगेतल्या एका टाकीत माशांच्या शेपटीवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते. त्यातला एक मासा तळाच्या खड्यांवर अंग घासत होता. फिल्टरच्या मागे एक मेलेला मासा अडकला होता आणि बाकीचे त्याला टोचत होते. मी दाखवल्यावर मुलाने जाळीने तो काढला आणि तीच जाळी तशीच ओली शेजारच्या टाकीत घातली. फळीवर फायटर मासे प्लास्टिकच्या झाकणाच्या कपांत ठेवले होते. कपात पाणी जेमतेम चार बोटं, आणि पिसाऱ्यासारखे पर पसरायला जागाच नाही. "यांना असंच ठेवायचं?" मी विचारलं. "मॅडम, फायटरला काही लागत नाही. शेवटी मासेच आहेत ना."

हे वाक्य तो रागाने किंवा उद्धटपणे बोलला नाही. त्याला कोणीतरी तसंच सांगितलं असणार. पण मला ते लागलं.

त्यांनी सुचवली तशी टाकी, फिल्टर, रंगीत खडे, खाण्याची डबी, अँटी-क्लोरीनची बाटली आणि दोन गोल्डफिश, सगळं एकाच बिलात घरी आलं. सांगितलं होतं तसं पाणी भरलं, थेंब मोजून टाकले, पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासे सोडले. दोन-तीन दिवस सगळं छान होतं. मग पाणी दुधाळ झालं. मासे सारखे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, बिल जपून ठेवा, मेला तर बदलून देऊ. हे सहज म्हणून म्हटलं गेलं. आजारी जिवाबद्दल विचारलं तर उत्तर मालाच्या भाषेत आलं.

मासा मेला तेव्हा आमच्याकडे गावातल्या एक मावशी आल्या होत्या. त्यांचा जन्म मासळीच्या पाटीजवळ गेलेला. त्यांनी मासा तळहातावर घेतला, अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचललं आणि म्हणाल्या, "बाय, कल्ला बघ. लाल पाहिजे तो चॉकलेटी झालाय. याला पाण्यानंच मारलंय." ताजी मासळी ओळखायची ही रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जिवंत माशाच्या मरणाचं कारण त्याच खुणेवरून कळेल, हे मला ठाऊक नव्हतं.

मावशींचं म्हणणं बरोबर होतं. ते मला समजावलं जुन्या पनवेलमधल्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी. दुकान अरुंद, दिवे मंद, पण प्रत्येक टाकीची जाळी वेगळी. त्यांनी आधी विचारलं, "टाकीत पाणी भरून किती दिवस झाले?" मग मला मासे द्यायला त्यांनी सरळ नकार दिला आणि स्टूल पुढे केलं.

मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. नदीत किंवा तळ्यात पाणी भरपूर असतं. काचेच्या पेटीत तोच अमोनिया साठतो आणि कल्ले जाळतो. त्यावर उपाय म्हणजे फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे सूक्ष्म जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य, थोडं पाणी बदललं की कमी होतं. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतं. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, त्याचा रंग तपकिरी होतो आणि कल्लेही तपकिरी पडतात. मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. काकांनी खडेमीठ टाकायला का सांगतात तेही उलगडलं: मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या नायट्राइटला अडवतो. पण तो तात्पुरता उपचार झाला. खरा इलाज पाणी बदलण्यात आणि थांबण्यात आहे.

मग त्यांनी काचेच्या नळीत माझ्या टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी हलवली आणि तक्त्याशेजारी धरली. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं पाणी हिरवं झालं, आणि बघता बघता गडद होत गेलं. इतके दिवस जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्या नळीत समोर आलं. ही तपासणी करायला काही मिनिटं पुरतात. ती दुकानातच शिकवली असती, तर माझे मासे वाचण्याची मोठी आशा होती.

बाकीचे गैरसमजही तिथेच गळून पडले. गोल्डफिश टाकीच्या मापाने लहान राहतो हे खरं नाही. लहान, घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तो आजारी पडतो. नीट ठेवला तर तो 15-20 सेंटिमीटर आणि काही जातींत त्याहून मोठा होतो, 10-15 वर्षं सहज जगतो. फायटर कपात जगतो कारण त्याला पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने दिली आहे. थायलंडच्या भातखाचरांतल्या उथळ पाण्यातून आलेला हा मासा. त्याला 24 ते 28 अंशांचं उबदार, स्वच्छ पाणी आणि पोहायला जागा लागतेच. त्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग परजीवीचा. अंगावर ठिपका असताना त्यावर औषध चालत नाही, परजीवी पाण्यात मोकळा सुटतो तेव्हाच मरतो, म्हणून उपचार काही दिवस सलग करावा लागतो. ओल्या जाळीतूनही तो पुढच्या टाकीत जातो. मोठ्या दुकानांत पुष्कळदा सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच सामाईक फिल्टरमधून फिरतं. तिथे एका टाकीचा रोग साऱ्या रांगेत पसरायला वेळ लागत नाही.

दुकानात येणारा मासा मुळात थकलेला असतो. आपल्याकडचे कितीतरी शोभेचे मासे कोलकात्याकडून किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतात. निघण्याआधी त्यांना उपाशी ठेवतात, मग ऑक्सिजन भरलेली पिशवी, थर्माकोलचा खोका आणि लांबचा प्रवास. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्ल होतं आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तोच अमोनिया उग्र होतो. म्हणून पिशवी उघडून तासन्‌तास ठेवायची नसते, तिच्यातलं पाणी टाकीत ओतायचं नसतं. असा मासा आल्या दिवशीच विकायला न काढता वेगळ्या टाकीत काही दिवस नजरेखाली ठेवला पाहिजे.

हे सगळं कळल्यावर मी पुन्हा त्या साखळी दुकानात गेले. भांडायला नाही, विचारायला. त्या मुलाशी शांतपणे बोलले. त्याने सांगितलं, कुत्र्याच्या खाण्याच्या कंपन्यांचे लोक येऊन प्रशिक्षण देतात, माशांचं कोणीच शिकवलेलं नाही. आधीच्या मुलाने त्याला सांगितलं ते तो मला सांगत होता. दिवसभर उभं राहायचं, विक्रीचा आकडा गाठायचा, टाक्या धुवायच्या. नायट्राइट हा शब्द त्याने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला आणि तो कागदावर लिहून घेतला. त्या मुलावरचा माझा राग तिथेच गेला. ज्यांनी त्याला न शिकवता माशांसमोर उभं केलं, त्यांच्यावरचा गेला नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा आहे आणि त्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव म्हणजे प्राणी. म्हणजे मासाही आला. 2017 मध्ये केंद्राने मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले होते, पण व्यापाराच्या विरोधानंतर ते मागे घेतले गेले. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. त्यातल्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पिंजऱ्यातले पक्षी यांची नावं आहेत. मासे मात्र 'इतर प्राणी' या दोन शब्दांत धरायचे. इंग्लंडमध्ये 2018 च्या नियमांखाली प्राणी विकणाऱ्याला परवाना लागतो, गिऱ्हाइकाला निगेची माहिती द्यावी लागते आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. रोम शहराने तर 2005 मध्येच गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायला बंदी घातली. म्हणजे हे अशक्य काही नाही.

उलट साखळी दुकानांना ते सगळ्यांत सोपं आहे. पनवेलच्या काकांना स्वतःच्या अनुभवातून एकेक गोष्ट शिकावी लागली. साखळीच्या मुख्य कार्यालयाने एक पान लिहिलं तर एका दिवसात सगळ्या शाखांत पोचतं. प्रत्येक टाकीला वेगळी जाळी, रोज पाण्याची तपासणी आणि तिचा आकडा टाकीवर लिहिलेला, रोगट टाकीतली विक्री बंद, टाकी आणि मासे एकाच दिवशी विकायचे नाहीत, आणि माशांच्या रांगेवर प्रशिक्षण घेतलेलं एक माणूस. मुंबईत वर्सोव्याला 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. शिकवणाऱ्यांची वानवा नाही, पाठवणाऱ्यांची आहे.

आता आमची टाकी चालू आहे. काकांनी त्यांच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा दिला, त्यावरचे जिवाणू आयते मिळाले. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, कारण नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात. खारघरला पाण्याची ओढाताण नेहमीचीच. हेटवणे धरणाचं पाणी कमी आलं की टँकर येतो आणि पाण्याचा गुण बदलतो. म्हणून टाकीसाठीचं पाणी मी आधी तपासते. बदललेलं पाणी कुंड्यांना जातं.

नव्याने मासे आणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दुकानात आधी मासे बघू नका, पाणी बघा. मेलेला मासा, पांढरे ठिपके, मिटलेले पर, वर येऊन हापसणारी तोंडं दिसली तर त्या रांगेतलं काहीही घेऊ नका. हा मासा किती मोठा होतो, किती वर्षं जगतो आणि अमोनिया कसा तपासायचा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर व्यवस्थापकाला लेखी कळवा. टाकी साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा हातभर वाढतो. तो किंवा नकोसा झालेला कोणताही मासा गावच्या तळ्यात, ओढ्यात सोडू नका, परका मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो. टाकी आज घ्या, मासे महिना-दीड महिन्याने आणा. आणि जो दुकानदार तुम्हाला आजच्या आज मासे द्यायला नाही म्हणेल, त्याच्याकडेच परत जा.